तानूबाईनं विकलेलं घर

रामहरीला कारखान्यात शेतकी ओव्हरसीअरची नोकरी लागली, ही बातमी निरवांगीला त्याच्या भावांना कळायच्या आधी बारामतीच्या आसपासच्या बागायतदारांना कळली. कारखाना सहकारी, नवाकोरा. सभासदांचा उभा ऊस शेतोशेती फिरून बघायचा, कुणाचा पिकलाय, कुणाचा कच्चा आहे ते ठरवायचं आणि त्याप्रमाणे तोडीची पाळी लावायची, हे त्याचं काम. पाळी मागं पडली की ऊस उन्हात वाळतो, वजनाला हलका होतो आणि रानही वेळेवर मोकळं होत नाही. म्हणून पाळी लावणाऱ्याशी सगळे गोड बोलत. रामहरीला ते आवडायचं. इंदापूर तालुक्यात दुसऱ्याच्या मळ्यावर मुकादमी करताना त्याच्या नावापुढं कुणी कधी 'राव' लावला नव्हता.

प्रश्न राहायचा होता. कारखान्याच्या आवारात साहेबांचे बंगले झाले होते, बाकीच्यांच्या खोल्या व्हायच्या होत्या. बारामतीत भाड्यानं घेतलेल्या खोलीची मालकीण रोज त्यांच्या म्हशीच्या शेणावरून भांडायची. घर विकत घ्यायचं ठरलं ते रामहरीच्या बायकोच्या, जयवंताच्या जिवावर. ती बावड्याची, आईबापाची एकुलती. बापानं मरताना तिच्या नावावर केलेला जमिनीचा तुकडा तिनं चुलतभावाला विकला होता. विकून आल्यावर ती दोन दिवस कुणाशी बोलली नव्हती. पैसा तिच्या बापाचा, म्हणून घर बघायला ती नवऱ्याबरोबर जायची. कडेवर लहानगी लेक ठमी असायची.

पहिलं घर त्यांनी बघितलं ते काटेवाडीच्या रस्त्याला, कालव्याच्या कडेला, संभाजीरावांच्या वस्तीवर. संभाजीराव मोठे ऊसवाले. कारखान्याचे शेअर्स त्यांनी घरोघर फिरून खपवले होते, त्यामुळं तिथं त्यांचा शब्द चालायचा. त्यांच्या वाड्यापासून हाकेच्या अंतरावर दगडी बांधणीचं तीन खणांचं घर होतं, मोकळं. पुढं ओटा, मागं गोठा, शेजारी काठोकाठ भरलेली विहीर. संभाजीरावांनी चहा मागवला, ठमीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि घराची किंमत सांगितली. ती ऐकून रामहरीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"नावापुरती घेतोय," संभाजीराव म्हणाले. "फुकट दिलं तर लोक तोंड घालतील. तुमच्यासारका माणूस शेजारी असला म्हंजी आमाला बी बरं."

जयवंता विहिरीपाशी उभी होती. तिथूनच तिनं विचारलं, "कागद आमच्या नावावर व्हईल न्हवं?"

संभाजीरावांनी तिच्याकडं न बघता रामहरीला उत्तर दिलं. "वयनींना सांगा, घर तुमच्या नावावर. खालची जागा तेवढी आमा भावाभावांच्या समाईकात हाय. ती काय कोण उचलून नेतंय?"

"मग उद्या भाऊ म्हणाले, उठा, तर आमी भिंती उचलून न्यायच्या का?"

संभाजीरावांनी कपबशी खाली ठेवली. हसू तोंडावर तसंच होतं, पण आवाज बदलला होता. "रामहरीराव, आमच्या ओट्यावर बाईमाणसानं व्यवहार बोललेला मी आज पैल्यांदा बगतोय."

रामहरी काहीबाही बोलून उठला. कालव्याच्या भरावावरून दोघं परत निघाले. बराच वेळ तो पुढं आणि ती मागं, असं चाललं होतं. मग तो थांबला.

"माझी शोभा केलीस तू."

"त्यांचा ऊस किती हाय?"

"लई हाय. त्याचं काय?"

"तो कच्चा असला तर तुमी कच्चा म्हणाल?"

"म्हणीन की."

"त्यांच्या विहिरीचं पाणी पिऊन?"

रामहरीला राग आवरेना. "तुझ्या बापाचं रान इकलं म्हणून तू माझ्या डोक्यावर बसलीस, व्हय?"

जयवंतानं ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "व्हय," ती म्हणाली. "ते रान काय परत यायचं न्हाय. म्हणून बसले."

त्यानंतर गावात पेठेकडं एकदोन घरं बघून झाली. एकाला म्हैस बांधायला जागा नव्हती. दुसऱ्याच्या मालकाला रामहरी कारखान्यात कामाला आहे हे कळलं तशी त्यानं किंमतच वाढवली. जयवंता बाजारात भाजी घेत होती तेव्हा समोरच्या म्हातारीनं मेथीची जुडी तिच्या टोपलीत टाकता टाकता विचारलं, "घर हुडकताय ते तुमीच का? माझं हाय. बघायचं आसंल तर आजच या. उद्याचं मला सांगू नका."

ही तानूबाई. तिचं घर गावाच्या खालच्या अंगाला, कऱ्हेच्या काठावर. तिथं भाजीपाला करणाऱ्यांची दहापाच घरं होती, प्रत्येकाच्या दाराला त्याचा त्याचा वाफा लागलेला. लोक त्या वस्तीला नुसतं खालचा मळा म्हणत. तानूबाईचं घर मातीच्या भिंतींचं, वर कौलं, मागं भाकरीएवढं परसू आणि परसात एक शेवगा. विहीर नव्हती. पाणी शेजारच्या विहिरीवरून भरायचं. शेजारी तिचा धाकटा दीर, रावजी. घराकडं यायची वाट त्याच्याच वाफ्यांच्या बांधावरून होती.

तानूबाई घर दाखवत होती तोवर रावजी बांधावर येऊन उभा राहिला. हातात खुरपं, अंगात घामानं भिजलेली बंडी. त्यानं रामहरीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कारखान्याचं माणूस नव्हं तुमी?"

"व्हय."

"मग हितलं घर बघू नका. कारखाना आल्यापासनं कालव्याच्या चारीचं पाणी आमच्या वांग्यांपतूर पोचत न्हाय. वरच्या वर उसात मुरतं. मागल्या उन्हाळ्यात माझी गवार उभी जळाली. आमी रडत बसलो आन तितं कारखान्याच्या धुराड्यावर गुलाल उधळला. त्यातलं कोण हितं नांदायला आलेलं आमाला खपायचं न्हाय."

"पाण्याच्या पाळ्या मी लावत न्हाय, आबा. मी तोडीच्या लावतो."

"एकच ते," रावजी म्हणाला आणि वाफ्यात जाऊन बसला. पण पाठ त्यानं त्यांच्याकडं केली नाही.

रामहरी जयवंताला हळूच म्हणाला, चल. ती हलली नाही. तिनं तानूबाईला विचारलं, "मावशी, सख्खा दीर शेजारी असून तुमी परक्याला का देताय?"

"त्याला हवंय म्हणून," तानूबाई म्हणाली. "माझा मालक गेला त्या वरसापासनं ह्यो माझा बांध कोरतोय. दर वरसाला वाईच वाईच. आता मी चालले इंदापूरला लेकीकडं. म्हातारी मेल्यावर आयतं घर मिळंल, या हिशेबानं बसलाय. मला त्याच्या डोळ्यात कुसळ घालून जायचंय. त्यात कारखान्याचा माणूस मिळाला, म्हंजी बरंच झालं. तुमचं भलं व्हावं म्हणून मी देत न्हाय, पोरी. आधीच सांगते."

"जागा समाईकात न्हाय न्हवं?"

"जागा, घर, शेवगा, समदं माझ्या एकटीचं. वाटंचा हक्क बी कागदावर हाय."

त्या संध्याकाळी खोलीवर दोघांचं मोठं भांडण झालं. रामहरीचं म्हणणं, जिथं पाय ठेवायच्या आधी माणसं अंगावर येतात तिथं राहायला जायचं म्हणजे शहाणपण नाही. जयवंता म्हणाली, ही माणसं अंगावर येतात ती आजच येतात, संभाजीराव कधी येतील ते त्यांच्या उसावर आहे. रामहरीनं ताट बाजूला सारलं. शेवटी घर तिथलंच घेतलं गेलं, कारण पैसा तिचा होता आणि मालकिणीनं खोली सोडायला सांगितलं होतं. रामहरी ते कधी विसरला नाही. खरेदीखतावर त्यानं सही केली ती ओठ दाबून.

राहायला गेले त्या दिवशी बांधावर बाभळीच्या काट्या आडव्या पडल्या होत्या. कागदावर हक्क असला तरी कागदावरून चालता येत नाही. रामहरीनं सामानाची गाडी नदीच्या बाजूनं, वाळूतून आणली. बैल गुडघाभर रुतले. कुणी हात लावायला आलं नाही. दारादारांत बायका उभ्या राहून बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जयवंता हंडा घेऊन विहिरीवर गेली तर रावजीच्या बायकोनं, छबूबाईनं, तिच्यादेखत रहाटाचा दोर सोडवला आणि गुंडाळून घरात नेला. जाताना म्हणाली, "आमचा दोर जुना हाय, तुटंल."

जयवंता नदीवर गेली. वाळूत झिरा उकरून वाटीवाटीनं हंडा भरायचा आणि चढ चढून घरी आणायचा. रामहरी सायकलवरून सकाळी जायचा तो दिवस मावळायला यायचा. त्याला त्यातलं काही दिसायचं नाही आणि ती सांगायची नाही. सांगितलं असतं तर तो एवढंच म्हणाला असता की, मी सांगत होतो.

पुढं म्हशीचं झालं. म्हैस दाव्याला होती, तरी एका दुपारी ती नाहीशी झाली. हुडकत हुडकत जयवंता गावात गेली तर म्हैस कोंडवाड्यात. कोंडवाड्याचा शिपाई म्हणाला, खालच्या मळ्यात वांगी खाताना सापडली म्हणून आणून घातलीय. जयवंतानं दंड भरला, म्हैस सोडवली आणि तशीच गावातून हाकत रावजीच्या दारात आणली. छबूबाई लसूण सोलत बसली होती.

"वयनी, म्हैस मी घट्ट बांधली व्हती. दावं कापलंय. हे बघा."

"मग दावं कापणाऱ्याला इचार जा."

"तुमालाच इचारते."

छबूबाईनं लसणाची पाकळी सुपात टाकली. "मला बी सांग की मग. आमची गवार जळाली तवा आमी कुणाला इचारायचं? माझ्या पोरीचं लगीन त्या गवारीवर व्हतं. अजून घरात हाय ती. जा की, बघ, आत बसलीय."

जयवंतानं दारातून आत पाहिलं. घरात खरंच कुणीतरी हललं. ती म्हैस घेऊन परत आली आणि तेव्हापासून दाव्याऐवजी तिनं म्हशीला साखळी घातली. राग तिचाही गेला नव्हता. पण आता तो नेमका कुणावर धरायचा ते तिला कळेना, आणि त्यानं तो जास्तच जळायचा.

दिवाळी झाली, गळीत हंगाम सुरू झाला. रामहरी फिरून फिरून ऊस बघत होता. ठिकठिकाणचा ऊस मोडून चोखायचा, रस यंत्राखाली बघायचा, वहीत आकडा टाकायचा. संभाजीरावांचा ऊस दिसायला भरदार, पण कच्चा होता. त्यांनी तो उशिरा लावला होता. त्यांना मात्र पाळी पहिल्या आठवड्यात हवी होती, म्हणजे रान रिकामं होऊन गहू टाकता येईल. त्यांनी आधी निरोप पाठवला, मग स्वतः कारखान्यावर येऊन गेले. रामहरीनं त्यांना माघात पाळी दिली.

खरं तर त्याला एवढं ताठ वागायचं नव्हतं. संभाजीरावांना सांभाळून घ्यायची एखादी आडवाट निघते का ते तो बघत होता. पण लोक आता त्याच्याकडं दोन्ही बाजूंनी बघत होते. भाजीवाल्यांत राहायला गेलेला माणूस, म्हणून ऊसवाल्यांना तो आपला वाटत नव्हता. संभाजीरावांनी दिलेलं घर यानं झिडकारलं, हे कारखानाभर झालं होतं. आता त्यांचा कच्चा ऊस पुढं घेतला तर लोक म्हणणार, शेवटी वाकलाच. म्हणून त्यानं खरा आकडा लिहिला आणि घरी येऊन जयवंताला म्हणाला, "झालं तुझ्या मनासारकं."

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी, रामहरी जवळच्याच रानात ऊस बघत होता म्हणून भर दुपारी घरी भाकरी खायला आला होता. बांधाकडून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. जयवंतानं दारातून पाहिलं. संभाजीरावांची दमणी होती. तीत ते स्वतः आणि त्यांचा भाऊ, मागं दोन गडी चालत, हातात काठ्या. बांधावरच्या काट्या गड्यांनी काठीनं उचलून बाजूला फेकल्या. बांध दमणीला अरुंद होता. एक चाक बांधावर आणि एक चाक खाली रावजीच्या मेथीत, अशी ती पुढं आली.

रामहरी हात धुवायला उठला, पण धुतले नाहीत. तो जयवंताला म्हणाला, "तू आत जा. पोरीला घे." ती आत गेली, ठमीला खाटेवर ठेवून कडी लावली आणि परत येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली.

पण दमणी दारापर्यंत आलीच नाही. रावजी मेथीत उभा होता. बैलांच्या तोंडासमोर.

"खाली उतर," तो संभाजीरावांना म्हणाला.

"रावजी, आमी तुझ्याकडं आलो न्हाय. ओव्हरसीअरकडं आलोय. बाजूला हो."

"माझ्याकडंच आलायस. चाक कुठं हाय बघ तुझं."

संभाजीरावांच्या भावानं खाली पाहिलं. "मेथीच हाय नव्हं? किती जुड्या व्हतील, सांग, देतो."

"मेथी हाय," रावजी म्हणाला. त्याच्या हातात फावडं होतं, ते त्यानं उचललं नव्हतं, नुसतं धरलं होतं. "दर उन्हाळ्यात आमच्या पाळीला चारीचं दार कोण बंद करतं, ते आमाला ठावं न्हाय असं वाटतं व्हय तुमाला? पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला गुळाच्या ढेपी कुणाच्या घरनं जातात ते बी ठावं हाय. तवा आमी तुमच्या वस्तीवर आलो न्हाय. तुमच्या उसात गाडी घातली न्हाय. आता तुमी माझ्या पिकात गाडी घालून वर पैसं दावताय."

"त्या माणसासाठी भांडतोयस तू? कारखान्याच्या नोकरासाठी?"

"तो मरू दे की तिकडं. माझ्या मेथीतनं गाडी काढ."

आजूबाजूच्या वाफ्यांतून माणसं उठून आली होती. कुणाच्या हातात खुरपं, कुणाच्या हातात बारं मोडायचं, पाणी वळवायचं खोरं. छबूबाई विहिरीच्या काठावर येऊन उभी राहिली होती आणि तिच्या मागं ती लग्न राहिलेली पोरगी, रतन. गड्यांनी एकमेकांकडं पाहिलं. त्यातल्या एकाची सासुरवाडी याच मळ्यात होती. त्यानं काठी खाली टेकवली.

संभाजीरावांनी गड्याच्या टेकवलेल्या काठीकडं पाहिलं. मग रावजीच्या डोक्यावरून रामहरीकडं बघत म्हणाले, "राहा हितंच. याच माणसांत राहा. उसाच्या रानात तुझा पाय पडणार न्हाय, येवढं बघतो मी."

दमणी वळवायला जागा नव्हती. बैल मागं रेटत नेताना मेथीचा आणखी एक वाफा तुडवला गेला. त्यातल्या त्यात लवकर जावं म्हणून रावजीनंच बैलांच्या कासऱ्याला धरून गाडी बाहेर काढली. मग तो परत आला आणि रामहरीच्या अंगणाच्या कडेशी थांबला.

"तुझ्यापायी गेली ही मेथी."

"मी भरून देतो, आबा."

"तुझं काय बी नको मला."

काट्या वाफ्यात विखुरल्या होत्या. वाट उघडी होती, आणि नदीकडून परतणारी गुरं आता तुडवलेल्या वाफ्यात घुसणार हे दिसत होतं. जयवंता पुढं गेली आणि पदर खोचून एक एक फांदी ओढत बांधावर आडवी टाकायला लागली. आपलीच वाट ती बंद करत होती. रावजी बघत राहिला, मग त्यानं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. दोघं मधोमध येऊन पोचले तेव्हा वाट पुन्हा बंद झाली होती. तिच्या तळहातात काटा मोडला, तो तिनं रात्री सुईनं काढला.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरचा दोर रहाटालाच होता. छबूबाई तिथं नव्हती. जयवंतानं हंडा भरला आणि कुणी बोलायच्या आत घरी आणला. वाट मात्र पुढच्या पावसाळ्यापर्यंत बंदच राहिली.

संभाजीराव बोलल्याप्रमाणे वागले. संक्रांतीच्या आधीच रामहरीच्या हातात बदलीचा हुकूम पडला. ओव्हरसीअरचं काम काढून त्याला इंदापूरच्या हद्दीतल्या लांबच्या गटात पाठवलं, नवा ऊस किती लागला त्याची नोंद करायला. कारण काही लिहिलेलं नव्हतं. तिथून रोज बारामतीला येणं होण्यासारखं नव्हतं. रामहरीनं हुकूम जयवंतापुढं टाकला.

"आता हे घर इकायचं. रावजी घेईल, त्याला पाहिजेच हाय. निरवांगीत भावांजवळ राहू. तितनं मला गट जवळ पडंल."

"मी येत न्हाय."

"म्हंजी?"

"मी बावड्याचं रान इकलं ते एकदाच इकलं. आता हे इकून तुमच्या भावांच्या ओसरीला पडायचं, तितनं कारखान्यानं हलवलं की आणखी कुठं. मी हितनं हलत न्हाय."

"हितं तुला दारात कोण उभं करतं का? माणसं तोंड फिरवतात."

"फिरवू द्या."

रामहरीनं हुकूम परत उचलला. "त्या दगडी घरात गेलो असतो तर आज माझी नोकरी तशीच राहिली असती. तुला कळतंय का काय केलंस?"

"कळतंय," जयवंता म्हणाली. तिला खरंच कळत होतं. "पण मी हलत न्हाय."

तो एकटा गेला. सुरुवातीला पंधरा पंधरा दिवस यायचा नाही. आला की पैसे कोनाड्यात ठेवायचा, ठमीला मांडीवर घ्यायचा, बायकोशी कामापुरतं बोलायचा. जयवंता त्याच्यासाठी वांग्याचं भरीत करायची आणि तीही कामापुरतंच बोलायची. मळ्यातल्या बायका हे बघत होत्या. नवऱ्यानं टाकली, असं कुणीतरी म्हणालं, ते तिच्या कानावर येईल इतक्या मोठ्यानं म्हणालं.

परसातल्या शेवग्याभोवती तिनं जमीन उकरली, म्हशीचं शेण घातलं आणि दोडकी, घेवडा, मिरच्या लावल्या. बावड्याला बापाच्या हाताखाली ती हेच शिकली होती. पाणी हंड्यानं घालायची. परसू एवढंसं, पण वेल छपरावर चढले आणि दोडकी लोंबायला लागली, तेव्हा घरात खाऊन उरायला लागली.

रामहरीच्या जागी नवा ओव्हरसीअर आला होता. त्यानं काटेवाडीच्या रस्त्याचं ते दगडी घर घेतलं. त्याची बायको एकदा बाजारात भेटली. कुणीतरी ओळख करून दिली. गोरी, हसरी बाई, अंगावर नवं लुगडं. विहीर कशी बारा महिने भरलेली असते, संभाजीरावांच्या घरून दूधदुभतं कसं येतं, हे तिनं न विचारता सांगितलं. जयवंता तिच्या तोंडावर कुठं काही खुपतंय का ते बघत होती. काही दिसलं नाही. ती बाई सुखात होती. घरी येताना जयवंताला वाटलं, आपण चुकलो का. नदीकडचा चढ चढेपर्यंत तो विचार तिच्याबरोबर होता, मग ठमी रडायला लागली आणि ती तिच्या मागं लागली.

त्या शनिवारी रामहरी आला तेव्हा तिनं त्याला हे सगळं सांगितलं, काही न झाकता. त्यानं ऐकून घेतलं. तो हसेल, टोमणा मारेल अशी तिनं तयारी ठेवली होती. तो म्हणाला, "त्या माणसानं आल्या आल्या पाळी सोडून संभाजीरावाचा ऊस आधी घेतला. कच्चाच व्हता. मी इंदापुरात ऐकलं." मांडीवरच्या ठमीला खाली ठेवत म्हणाला, "मी बी घेतला असता. घर तितं असतं तर." मग तो परसात गेला आणि एका वेलाचा मांडव कलला होता तो बांधत बसला.

त्यानंतर तो दर शनिवारी यायला लागला. त्याची बदली परत फिरली नाही.

श्रावणात दोडकी इतकी आली की जयवंतानं बाजारात बसायचं ठरवलं. खालच्या मळ्याच्या बायका एका ओळीत बसायच्या, पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या जागांवर. ती टोपली घेऊन गेली तर ओळीत जागा नव्हती. छबूबाई शेवटी बसली होती, तिच्या पलीकडं कासारांच्या दुकानाची पायरी आणि मध्ये गटार. जयवंता उभी राहिली. सरकून घ्या, असं म्हणायला तिची जीभ वळेना, आणि छबूबाई टोपलीतल्या कोथिंबिरीवर पाणी शिंपडत राहिली, मान वर न करता.

"तितं बसू नगं," शेवटी छबूबाई म्हणाली. "वरनं सांडपाणी येतं."

"मग कुठं बसू?"

"मला काय इचारतीस. बाजार माझा हाय व्हय?"

जयवंतानं गटारावर फळी टाकली, फळीवर पोतं अंथरलं आणि बसली. दोडकी मांडली. गिऱ्हाईक येत होतं, ओळीच्या सुरुवातीला भाजी घेत होतं आणि शेवटपर्यंत पोचायच्या आत पिशवी भरून परतत होतं. बऱ्याच वेळानं एक म्हातारा तिच्यापाशी येऊन वाकला आणि भाव विचारला. तिनं सांगितला.

"ह्या बाईकडं कमी हाय," म्हातारा छबूबाईकडं बोट दाखवून म्हणाला.

"त्यांची दोडकी जून हायेत," जयवंता म्हणाली.

छबूबाईनं मान झटक्यात वळवली. "कुणाची जून? मोडून बघ, मोडून बघ की." तिनं आपल्या टोपलीतलं एक दोडकं उचलून म्हाताऱ्यापुढं मोडलं. जयवंतानं आपलं मोडलं. म्हाताऱ्यानं दोन्ही बघितली, दोघींकडूनही थोडी थोडी घेतली आणि निघून गेला. दोघी आपापल्या टोपल्या सारख्या करत राहिल्या. पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत छबूबाई तिच्याशी बोलली नाही, आणि आलं तेव्हा दोघींनी एकदमच भाव सांगितला.